पाणी सर्वांत जड कधी होतं? तरंगत्या बाटलीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

पाणी थंड होत गेलं की आकसतं, त्याची घनता वाढते. पण ४ अंश सेल्सिअसच्या खाली ते पुन्हा फुगायला लागतं. पाण्याचं हे असंगत आचरण शाळेत प्रत्येकानं पाठ केलेलं असतं. मला ते वळण प्रत्यक्ष घडताना बघायचंय.

अडचण आकड्यांत आहे. १ घनमीटर पाण्याचं वस्तुमान ० अंशाला ९९९.८४ किलोग्रॅम, ४ अंशांना ९९९.९७, १० अंशांना ९९९.७०, २० अंशांना ९९८.२१ आणि ३० अंशांना ९९५.६५. म्हणजे ० ते ४ अंशांमधला सगळा खेळ लिटरमागे १३० मिलिग्रॅमचा. एवढ्या बारीक फरकाची हालचाल डोळ्यांना दिसेल इतकी मोठी करायची, हाच प्रकल्प.

माझा भरवसा प्लावक बलावर आहे. बुडालेल्या वस्तूवर दोन मोठी बलं समोरासमोर उभी असतात, खाली ओढणारं वजन आणि वर ढकलणारं, बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं बल. ही दोन्ही जवळजवळ बरोबरीत आणून ठेवली, की उरतो तो निव्वळ फरक. पाण्याची घनता हजारात एका भागानं बदलली तरी त्या उरलेल्या फरकाच्या दृष्टीनं तो बदल प्रचंड ठरतो.

७ जानेवारी

तरंगकाकडे, म्हणजे पाण्यात सोडून चढ-उतार बघायच्या वस्तूकडे, वळण्याआधी तराजूला संधी दिली. ५० मिलिची विशिष्ट गुरुत्व बाटली (नेमकं ठरलेलं आकारमान भरणारी, ते २० अंशांना तपासलेलं), ऊर्ध्वपातित पाणी, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा इलेक्ट्रॉनिक काटा.

२० अंशांना पाण्याचं वस्तुमान ४९.९१ ग्रॅम भरायला हवं. काटा दाखवतो ४९.८६. पुन्हा भरून पाहिलं तरी तेच. हा फरक हवेचा आहे. खोलीतल्या हवेची घनता लिटरला सुमारे १.२ ग्रॅम, ५० मिलि पाणी ५० मिलि हवा बाजूला सारतं आणि ती हवा त्याला ६० मिलिग्रॅमनं उचलते. ज्या पोलादी वजनांवर काटा लावलेला असतो तीही हवेतच ठेवलेली असतात, पण ५० ग्रॅम पोलाद जेमतेम सव्वासहा मिलि जागा घेतं, म्हणून त्यांना मिळणारी उचल साडेसात मिलिग्रॅमची. वजाबाकी केली की उरतात सुमारे ५२ मिलिग्रॅम. हिशेब चोख जुळला.

मला ही जुळणी फार आवडली. प्लावक बल मोजायला निघालो, तर ते पाण्यात उतरण्याआधीच काट्यावर हजर होतं. हीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली की तिची घनता लिटरला ०.९५ ग्रॅमच्या आसपास येते. भोवतालच्या थंड हवेशी पडणारा हा घनमीटरमागे पाव किलोचा फरक साठवला, की माणसांसकट फुगा वर जातो. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यानं ते करून दाखवलं.

मूळ प्रश्नासाठी मात्र हा काटा अपुरा आहे. १० अंशांवरून ४ अंशांवर जाताना ५० मिलि पाण्यात साडेतेरा मिलिग्रॅमचा बदल होतो, म्हणजे काट्याच्या शेवटच्या आकड्याची एक उडी. तेवढ्यात वळण कसं दिसणार?

११ जानेवारी

तरंगक कशाचा करायचा यावर आजचा दिवस गेला, आणि तो गेला ते बरं झालं.

तापमान बदललं की पाणी बदलतं तसा तरंगकही बदलतो. वस्तुमान तेच राहतं, पण आकारमान कमीजास्त होतं आणि त्याबरोबर बाजूला सारलेलं पाणीही. म्हणून तरंगक वर जाणार की खाली, हे दोघांच्या प्रसरणातल्या फरकावर ठरतं. २५ अंशांच्या आसपास पाण्याचा आकारमान प्रसरणांक दर अंशाला लाखात सुमारे २६ भाग आहे. साध्या सोडा-चुना काचेचा लाखात २.६, म्हणजे दहावा हिस्सा. बोरोसिलिकेट काचेचा लाखात फक्त १. पोलादाचा ३.६. पॉलिथिनचा मात्र पाण्याहूनही जास्त.

तेव्हा पॉलिथिनचा तरंगक उलटा वागायला हवा. ते पडताळून पाहिलं. पॉलिथिनच्या भरीव तुकड्याभोवती तांब्याची तार गुंडाळून तो २८ अंशांच्या पाण्यात जेमतेम तरंगेल इतका जड केला. पाणी १० अंशांपर्यंत थंड केलं तर तो तळाला जाऊन बसला. थंड पाणी जास्त दाट असूनही! पाणी आकसलं त्याहून प्लास्टिक जास्त आकसलं, एवढीच त्यामागची गोष्ट. "गार पाण्यात वस्तू जास्त तरंगते" असं सरसकट वाक्य पुन्हा कुठे दिसलं तर मला हा तुकडा आठवेल.

निवड: जाड काचेची बाटली, काचेच्याच घासून बसवलेल्या बुचासह. धातूचं किंवा प्लास्टिकचं पातळ झाकण नको, कारण ३० अंशांवरून ५ अंशांवर येताना आत कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. झाकण आत ओढलं गेलं की आकारमान बदलतं आणि तापमानाचा परिणाम दाबाच्या परिणामात मिसळतो.

बोरोसिलिकेटची या आकाराची बाटली मिळाली नाही. सोडा-चुना काचेवर काम सुरू करतोय. काचेचा वाटा नंतर हिशेबात धरावा लागेल.

१५ जानेवारी

बाटलीत पोलादी छर्रे भरले आणि बूच मेणानं बंद केलं. तिचं बाहेरचं आकारमान पट्टीनं मोजता येण्यासारखं नाही, म्हणून काट्याखाली टांगून एकदा हवेत आणि एकदा पाण्यात तोललं. वजनातली घट म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. आकारमान आलं २५० मिलि. यासाठी तरंगण्याएवढ्या छर्ऱ्यांवर आणखी थोडे घातले होते, ते नंतर काढले.

खरा विचार करावा लागला तो हालचाल मोजण्याच्या पद्धतीचा. नुसता तरंगक एकतर पृष्ठभागाला टेकतो नाहीतर तळाला. मधे थांबत नाही. शिवाय पृष्ठभागाला टेकला की पृष्ठताण त्याला धरून ठेवतो आणि काही मिलिग्रॅमचे फरक त्या पकडीत हरवतात. मानेवर बारीक दांडी बसवून ती पाण्याबाहेर ठेवायची, ही हायड्रोमीटरची (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाची) रचनाही याच कारणासाठी टाळली.

उपाय: बाटलीच्या खाली बारीक पितळी साखळी. तिचं खालचं टोक तळावर पडलेलं. बाटली वर गेली की ती जास्त साखळी उचलते, तिचं ओझं वाढतं आणि ती थांबते. खाली आली की साखळी तळावर टेकते, ओझं उतरतं, पुन्हा थांबते. प्रत्येक घनतेसाठी एक ठरलेली उंची. साखळीचा १ सेंमी तुकडा हवेत १०० मिलिग्रॅम भरतो, पाण्यात सुमारे ८८. म्हणजे १ मिलिमीटर चढ-उतार म्हणजे ८.८ मिलिग्रॅम. सगळी बाटली पाण्याखालीच राहते, पृष्ठताणाचा प्रश्नच येत नाही.

ही रचना हलताना बघणं सुखाचं आहे. बोटानं पाणी जरा ढवळलं की बाटली डोलते, दोनचार वेळा वरखाली होते आणि नेमकी होती तिथे येऊन थांबते.

१८ जानेवारी

पाण्याची तयारी. नळाचं पाणी बाद. लिटरला १ ग्रॅम मीठ विरघळलं तर घनता घनमीटरमागे सुमारे ०.७ किलोग्रॅमनं वाढते, म्हणजे २० अंशांच्या आसपास तीनेक अंशांच्या फरकाइतकी. ऊर्ध्वपातित पाणीच घेतलं, आणि तेही उकळून, झाकून निववलेलं. न उकळलेलं पाणी तापलं की त्यातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात काचेवर बसते. २ मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा ४.२ मिलिग्रॅमची उचल देतो, म्हणजे माझ्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर.

बरणी ४० सेंमी उंच. मागे मिलिमीटरचा कागद, समोर स्टँडवर कॅमेरा, बाटलीवर पुढून आणि मागून एकाच पातळीवर रेघ, म्हणजे नजर तिरकी झाली तर लगेच कळतं. तापमानासाठी दोन संवेदक, एक वर, एक खाली. दोन्ही वितळत्या बर्फात धरून ० अंशांना तपासले.

२२ जानेवारी

पहिली पूर्ण फेरी, ३० अंशांपासून खाली. दर वेळी ढवळून, दोन्ही संवेदक ०.१ अंशाच्या आत जुळेपर्यंत थांबून, मग फोटो. आतले छर्रे अजून गरम असले तरी चालतात, कारण बाजूला सारलं जाणारं पाणी ठरतं ते फक्त बाटलीच्या बाहेरच्या आकारावर, आणि पाण्याला लागून असलेली काच लवकर निवते.

रेघेची तळापासून उंची:

३० अंश: ११० मिमी
२५ अंश: १४६
२० अंश: १७५
१५ अंश: १९७
१० अंश: २१०

पायऱ्या बघा: ३६, २९, २२, १३. दर ५ अंशांना मिळणारी चढण कमी कमी होत चाललीय. पाणी आकसतंय, पण आकसण्याचा जोर ओसरतोय. वळणाची चाहूल १० अंशांच्या वरच लागते, हे मला पुस्तकातल्या "४ अंश" या एकट्या आकड्यावरून कधी जाणवलं नव्हतं. तो आकडा म्हणजे एखादी सीमारेषा वाटायचा. प्रत्यक्षात ३० अंशांपासूनच ही चढण सपाट होत येते आणि ४ अंशांना माथा लागतो, इतकंच.

त्या मानानं मद्यार्कात हे काम फार सोपं झालं असतं. तो दर अंशाला हजारात सुमारे १ भाग फुगतो, खोलीच्या तापमानाच्या पाण्याच्या पाचपट. फ्लॉरेन्समध्ये १६५७ साली सुरू झालेल्या अकादेमिया देल चिमेंतो या संस्थेत काचेचे गोळे मद्यार्कात सोडून तापमान ओळखत, ते याच बळावर. पण मद्यार्कात वळण नाही. मला पाणीच हवं.

२९ जानेवारी

बरणी बर्फाच्या पाण्यात ठेवून १० अंशांच्या खाली उतरलो. फोटो मोठे करून वाचले, अचूकता ०.२ मिमीच्या आसपास.

१० अंश: २१०.०
८ अंश: २१२.८
६ अंश: २१४.०
५ अंश: २१३.८
४ अंश: २१३.२
३ अंश: २१२.३
२ अंश: २११.०
१ अंश: २०९.२

बाटली वळली! पाणी थंड होत असताना ती खाली यायला लागली, आणि १ अंशाला १० अंशांच्या उंचीच्याही खाली गेली. फोटो एकापाठोपाठ लावून पाहिले तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले.

पण माथा ४ अंशांना नाही, साडेपाच ते सहाच्या मधे आहे.

३१ जानेवारी

काचेचा हिशेब. २५० मिलिची बाटली दर अंशाला लाखात २.६ भागांनी आकसते, म्हणजे ०.००६५ मिलि, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम उचल कमी, म्हणजे ०.७४ मिमी खाली. थंड होताना ही घसरण सतत चालू असते. पाण्याची वाढती घनता तिला भरून काढते तोवर बाटली चढते. भरपाई अपुरी पडली की उतरते. ४ अंशांच्या जवळ पाण्याचा प्रसरणांक "४पासून किती अंश दूर" याला लाखात सुमारे १.६ नं गुणल्यावर येतो. तो २.६ शी बरोबरी करतो ४च्या वर सुमारे १.६ अंशांवर. म्हणजे ५.६ अंश. बाटली तिथेच वळली होती.

काचेची घसरण परत मिळवून उंची मांडली:

१० अंश: २१०.०
८ अंश: २१४.३
६ अंश: २१७.०
५ अंश: २१७.५
४ अंश: २१७.६
३ अंश: २१७.५
२ अंश: २१६.९
१ अंश: २१५.९

माथा ४ अंशांवर आला, दोन्ही बाजूंना सारखा उतार.

तरी मन भरत नाही. काचेचा प्रसरणांक मी तक्त्यातून घेतला, आणि उत्तर त्याच्यावर टेकलंय. काच थोडी वेगळी निघाली तर माथा सरकेल. दोनशे वर्षांपूर्वी वादाचा मुद्दा हाच होता: अरुंद नळीच्या भांड्यात पाणी थंड केलं की शेवटी ते वर चढताना दिसतं, पण भांडं आकसल्यामुळेच तसं दिसत नाही कशावरून? एडिंबरोचे रसायनज्ञ टॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचं मोठेपण इथे कळतं. त्यांनी आकारमान मोजलंच नाही. पाण्याचा कोणता थर कुठे जातो ते थर्मामीटरनं विचारलं. भांडं आकसो वा फुगो, दाट पाणी खालीच जाणार. होपचं उपकरण आपण परीक्षेसाठी काढतो, नावं देतो आणि पुढे जातो. ते कोणत्या आक्षेपाला उत्तर म्हणून उभं राहिलं हे सांगितलं जात नाही, आणि त्यातलं सगळं सौंदर्य तिथेच आहे.

५ फेब्रुवारी

होपचं उपकरण उभं केलं. उंच नळकांडं, मध्यावर गोल पन्हळ, पन्हळीत बर्फ आणि मीठ (हे मिश्रण ० अंशाच्या बरंच खाली जातं, योग्य प्रमाणात उणे २१ पर्यंत). एक संवेदक तळाजवळ, एक पृष्ठभागाजवळ. वरचा आणि खालचा भाग थर्माकोलनं गुंडाळला. पाणी १२ अंशांना. ढवळायचं नाही.

आधी फक्त खालचा संवेदक उतरला. १२, ९, ६, मग ४.५, आणि ४.१ वर येऊन थांबला. वरचा अजून ११च्या पुढेच. मध्यावर निवलेलं पाणी जड होऊन तळाशी साचत होतं. तळ ४ अंशांचा झाल्यावर त्याहून थंड पाण्याला खाली जायला वाट उरली नाही.

यानंतर वरचा संवेदक झपाट्यानं ० अंशाकडे जातो, असं वर्णन असतं. मला दिसलं ते थोडं वेगळं आणि जास्त मजेदार. वरचं तापमान सुरुवातीला रेंगाळत उतरलं. ८ अंशांच्या आसपास आल्यावर मात्र एकदम कोसळलं. कारण घनतेच्या तक्त्यातच आहे: ० अंशाच्या आणि ८ अंशांच्या पाण्याची घनता जवळजवळ सारखी, ९९९.८४ आणि ९९९.८५. वरचं पाणी ११ अंशांचं असेपर्यंत ते मधल्या गोठणबिंदूजवळच्या पाण्यापेक्षा हलकंच असतं, त्यामुळे मधल्याला वर चढता येत नाही. वरचा थर वहनानं आणि थोड्याफार मिसळण्यानं हळूहळू निवतो. तो ८च्या खाली आला की मधलं पाणी त्याच्याहून हलकं ठरतं आणि बंध तुटतो.

शेवटी पृष्ठभागावर बर्फाचा पापुद्रा, वरचा संवेदक ०, खालचा ४.१. यात काचेचा एकही आकडा वापरलेला नाही. आता ३१ जानेवारीच्या दुरुस्तीवर माझा विश्वास बसला. अचूक मापनांनुसार हा माथा ३.९८ अंशांना आहे.

या माथ्यावर मापनशास्त्रानं बरीच वर्षं भार टाकला होता. १७९९ साली फ्रान्समध्ये किलोग्रॅमचं प्लॅटिनमचं प्रमाण ठरवलं ते १ घनडेसिमीटर पाण्याच्या महत्तम घनतेवरून, कारण माथ्यावर तापमान किंचित हललं तरी घनता जवळजवळ हलत नाही. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्याही "महत्तम घनतेच्या १ किलोग्रॅम पाण्याचं आकारमान" अशी होती. ते घनडेसिमीटरपेक्षा दहा लाखांत २८ भागांनी मोठं निघालं आणि ती व्याख्या सोडून द्यावी लागली.

१४ फेब्रुवारी

मिठाच्या पाण्याची फेरी. किलोग्रॅममागे ३५ ग्रॅम मीठ, साधारण समुद्राइतकं. घनता १०२३च्या आसपास, म्हणून बाटलीत सुमारे सव्वासहा ग्रॅम छर्रे वाढवले आणि बूच पुन्हा बंद केलं.

३० अंशांपासून खाली येताना बाटली आधीसारखीच चढली. १० अंश गेले, ६ गेले, ४ गेले, बाटली चढतेच आहे. ० अंशाला वेग मंदावला, पण दिशा बदलली नाही. बर्फात मीठ घालून उणे १ पर्यंत नेलं. तिथेही वळण नाही.

मीठ वाढलं की घनतेचा माथा आणि गोठणबिंदू दोन्ही खाली सरकतात, पण माथा जास्त वेगानं. समुद्राच्या ३५ ग्रॅमच्या पाण्याचा माथा उणे ३.५ अंशांच्या आसपास पडतो आणि ते पाणी उणे १.९ लाच गोठतं. माथा गाठण्याआधीच पाणी संपतं. त्यामुळे गोड्या तळ्यात आणि समुद्रात हिवाळा वेगळा उतरतो. तळ्याचं पाणी ४ अंशांपर्यंत वरखाली होतं, मग थांबतं; त्याखालचं थंड पाणी वरच राहून गोठतं आणि तळाशी ४ अंशांचा साठा उरतो. समुद्रात वरचं पाणी गोठेपर्यंत निवत आणि बुडत राहतं, शिवाय बर्फ होताना बाहेर टाकलेलं मीठ उरलेल्या पाण्याला आणखी जड करतं.

माथा आणि गोठणबिंदू एकत्र येतात ते किलोग्रॅममागे २४.७ ग्रॅम क्षारांना, उणे १.३ अंशांवर. पुढची फेरी तिथली. या बाटलीनं ते जमणार नाही, कारण तिचा माथा काचेमुळे दीड अंशाहून जास्त वर सरकतो आणि २४.७ला तो गोठण्याच्या बराच आधी दिसेल. बोरोसिलिकेटमध्ये ही सरक ०.६ अंशांवर येते. तशी बाटली मागवलीय.